सांडव्यापलीकडचा रस्ता

आई,

परवा मी तुझ्या रस्त्यानं सायकलवर वाडीपर्यंत जाऊन आले. हे तुला सोडून कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात एकटीच बसून लिहिते आहे. मुलं गेली आहेत, शिपाई बाहेर खुर्च्या सरकवतो आहे, आणि समोर वाळत घातलेली पोरींची चित्रं आहेत. डोंगर, दोन डोंगरांच्या मधून सूर्य, खाली पाणी. दरवर्षी हेच काढतात. मी दरवर्षी म्हणते, अगं आपल्याकडचे डोंगर असे टोकदार नसतात, वरून पाटासारखे सपाट असतात, नीट बघा जरा. परवापासून मात्र वाटतं, आपल्या डोंगरांकडं मी तरी कुठं नीट बघितलं होतं? चाळीस वर्षं मी त्या बाजूला मान वळवली नाही.

तुला मी आठवते ती अकरा वर्षांची, दोन वेण्यांची. आता माझे केस पिकले, डाव्या गुडघ्यातून आवाज येतो, आणि तू गेलीस त्या वयाच्या जवळ माझा मुलगा पोचला आहे. तुला 'तू' म्हणताना हल्ली मला अवघडल्यासारखं होतं, कारण माझ्यापुढं जी उभी राहते ती एक तरुण बाई असते, माझ्या शाळेतल्या नव्या शिक्षिकांएवढी. पांढरी साडी, निऱ्या घोट्याजवळ पिनेनं आवळलेल्या, कपाळावर घाम, आणि हातात ती हिरवी लेडीज सायकल. पंचक्रोशीत सायकल चालवणारी तू एकटी बाई होतीस. नर्सबाईंची सायकल म्हणून कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकत नसत.

आपलं स्वयंपाकघर मला अजून वासानं आठवतं. एका स्टोव्हवर भाकरी, दुसऱ्यावर कात्र्या आणि सुया उकळत ठेवलेलं ते पातेलं. त्या पातेल्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तू भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायचीस, "त्याच्याकडं जाऊ नको." मी चार हात लांब असायचे, तरी तुला कळायचं. मग शेंगदाण्याची चटणी भाकरीत गुंडाळून तू माझ्या हातात द्यायचीस, अण्णांचा डबा भरायचीस, औषधांची पेटी पिशवीत घालून कॅरेजला बांधायचीस. अण्णा शाळेकडं डावीकडं, तू उजवीकडं. दारातून तू निघालीस की मी घंटीचा आवाज ऐकत उभी राहायचे. देवळाच्या कोपऱ्यावर तू ती एकदाच वाजवायचीस. ती माझ्यासाठी होती असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे त्या कोपऱ्यावर म्हशी आडव्या यायच्या.

सुट्टीच्या दिवशी तू मला कॅरेजवर घ्यायचीस. गावाबाहेर पडलं की डांबरी रस्ता घाटाकडं जायचा आणि तू तो सोडून मुरमाच्या वाटेला लागायचीस. दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून तलाव बांधला, आणि तो बांधता बांधता हा रस्ताही झाला. आधी माळ, मग तलावाची लांबलचक पाळ, पाळीच्या टोकाला सांडवा, म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं तो फरसबंदीचा उतार. त्याच्यावरून पलीकडं गेलं की रस्ता डोंगराला बिलगून चढायचा आणि वर वाडी. बैलगाडीशिवाय तिथं काही जायचं नाही. चाकाखाली मुरूम करकरायचा, मी तुझ्या कमरेला धरून बसलेली असायचे, आणि पाळीवर आलो की दोन्ही अंगांनी वारा लागायचा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली ज्वारी. तू म्हणायचीस, "हालू नको, नाहीतर दोघी पाण्यात." आणि स्वतःच हसत हँडल जरासं वाकडं करायचीस.

तू मला एकदाच लागेलसं बोललीस, आणि तेही त्याच रस्त्यावर. वाडीतल्या एका घरी तू बाळाला बघायला गेली होतीस. त्या बाईनं आपल्याला गुळाचा काळा चहा दिला. मी तोंड वेडंवाकडं केलं आणि कप खाली ठेवला. तुझा चहा संपवलास, मग माझाही प्यालीस. परत येताना पाळीच्या मधोमध तू सायकल थांबवलीस, मला खाली उतरवलंस आणि म्हणालीस, "तिच्या घरात दूध नव्हतं. गूळ पण शेजारून आणला, मी बघितलं. तिनं आपल्याला रिकाम्या तोंडी जाऊ दिलं नाही, आणि तू तिला तोंड करून दाखवलंस. इथनं पुढं घरापर्यंत चालत ये." आणि तू खरंच पुढं गेलीस. मी रडत रडत चालले. पाळ संपते तिथं बाभळीच्या सावलीला तू थांबलेली दिसलीस. कॅरेज थोपटलंस. मी बसले. तुझ्या पाठीला गाल लावला तर पाठ घामानं ओली होती, आणि मला वाटलं, तू पण रडली असशील. त्या वयात घाम आणि रडणं मला एकच वाटायचं.

सायकलही तू मला त्याच पाळीवर शिकवलीस. बाकीच्या पोरी बघायला यायच्या, त्यांच्या आया त्यांना हाका मारून परत न्यायच्या. माझा पाय घसरून अंगठा मुरमावर सोलला, नख उचकटलं. दुसऱ्या बाजारी तू भूमहून माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणलेस, पांढरे, मुलांचे. कळंबहून आलेली आत्या म्हणाली, "पोरीला असले बूट? काय फौजदार करायची का तिला?" तू म्हणालीस, "फौजदार नको, पण पाय तर राहू द्या तिचे." मी ते बूट घालून झोपले होते. तू चिडली नाहीस, नाडीची गाठ तेवढी सैल केलीस.

आणि मग तो दिवस. दसरा जवळ आलेला. परतीच्या पावसानं सगळं झोडपून काढलेलं. भूमचा बाजार होता, म्हणून अर्धं गाव पाऊस असूनही बाजाराला गेलं होतं. सकाळी मी तुझ्यामागं भुणभुण लावली होती, माझ्या मैत्रिणीला झालरीचा फ्रॉक आणलाय, मला पण पाहिजे. तू पातेल्यातून कात्र्या काढत होतीस. "बघू," म्हणालीस. मी शाळेत गेले. दुपारी वर्गात अण्णांना कुणीतरी बोलवायला आलं. मी बघते आहे, अण्णा खडू हातात घेऊनच बाहेर पडतात, छत्री तिथंच राहते. ती छत्री घेऊन मी त्यांच्या मागं पळते, आणि शाळेच्या फाटकाशी कुणीतरी मला उचलून घेतं. घाटाच्या वळणावर ट्रक. डांबरी रस्त्यावर, जिथं तू सायकल कधी न्यायची नाहीस. तुझ्या अंगावरून त्यांनी मला चादर काढू दिली नाही. सायकल मात्र मी बघितली. बैलगाडीत घालून आणली होती. पुढचं चाक राहिलंच नव्हतं.

सगळे एकमेकांना विचारत होते, नर्सबाई डांबरीनं कशाला गेल्या? आत्यानं त्याचं उत्तर काढलं. बायका जमल्या होत्या, मी तिच्या मांडीवर होते, आणि ती म्हणाली, "लेकीनं फ्रॉकचा हट्ट धरला होता. बाजार होता. लेकीला फ्रॉक आणायला गेली आन् गेली." ती वाईट बाई नव्हती, आई. तिनं मला नंतर लेकीसारखं वाढवलं. तिला फक्त काहीतरी कारण पाहिजे होतं, आणि समोर माझं कारण होतं. पिशवी सायकलला बांधलेली सापडली म्हणून कुणीतरी म्हणालं, कामावर असतील. पण ती पिशवी तर कायमच बांधलेली असायची. डांबरी रस्ता भूमकडं जातो, भूमला बाजार होता, मला फ्रॉक पाहिजे होता. एवढं सरळ गणित पोरीलाही सुटत होतं.

अण्णांनी बदली मागून घेतली. आम्ही कळंबला आत्याकडं राहायला गेलो. आमच्या घरात परत सायकल आली नाही. अण्णांनी 'नको' असं कधी म्हटलं नाही, मी कधी मागितली नाही. मी शाळेला चालत गेले, कॉलेजला एस.टी.नं गेले. कधी भूमकडं जावंच लागलं तर घाट आला की अण्णा खिडकीतून आत तोंड वळवायचे आणि मला काहीतरी विचारायचे, अभ्यासाचं, जेवणाचं, काहीही. घाट संपला की गप्प. तू माझ्यासाठी गेलीस असं ते मला कधी बोलले नाहीत. तसं नाही, असंही बोलले नाहीत. लग्नानंतर मी उस्मानाबादला आले. त्याला आता धाराशिव म्हणतात, तुला माहीत नसेल. दसऱ्याला मी नवं कापड अंगाला लावत नाही. सासूबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं, मग ह्यांनी त्यांना काहीतरी सांगितलं असावं, परत कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं आणि गुडघ्यासाठी सायकल चालवा म्हणाले. मुलानं पुण्याहून एक सायकल आणून दिली, जाड टायरची, गिअरची. ती आठवडाभर जिन्याखाली उभी होती. एका सकाळी मी ती बाहेर काढली, कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यावर नेली आणि बसले. आई, अंग विसरत नाही. पाय आपोआप फिरायला लागले. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथं उतरून एका परक्या घराच्या कंपाउंडला धरून उभी राहिले. दूध घ्यायला निघालेल्या एका बाईनं विचारलं, "चक्कर आली का हो?" मी म्हटलं, "हो."

इथं सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा एक गट आहे. त्यातली एक दातांची डॉक्टर आहे, तुझ्याएवढीच, म्हणजे तेव्हाच्या तुझ्याएवढी. तिनं मला ओढून नेलं. हायवेला एकदा आमच्यातल्या एकाला टिपर घासून गेला, खांदा निखळला त्याचा. तेव्हापासून सगळ्यांनी ठरवलं की गाड्या नसतील अशाच रस्त्यांनी जायचं. मग शोध सुरू झाला. कालव्याच्या कडेचे रस्ते, पाझर तलावांच्या पाळी, आणि डोंगरावरचे पवनचक्क्यांचे रस्ते. हो, आपल्या त्या बोडक्या डोंगरांवर आता पांढऱ्याशुभ्र पवनचक्क्या फिरतात, आणि त्यांच्यासाठी माथ्यामाथ्यानं मुरूम टाकून रस्ते केलेत. पोरं त्याला 'ग्रॅव्हल' म्हणतात. मी म्हटलं, मुरूम म्हणा की. तर हसतात. पण खरं सांगते, त्या रस्त्यांवर मला बरं वाटायला लागलं. टायरमधली हवा जरा कमी ठेवायची, हँडल घट्ट धरायचं नाही, खड्यांना त्यांची वाट करू द्यायची. एका डोंगराच्या धारेवरून खाली बघितलं की एकामागं एक तलाव दिसतात, पाणी कमी असलं तरी उन्हात चमकतात. मागून हॉर्न नाही, धूर नाही. शेळ्या आडव्या येतात तेवढ्याच.

दिवाळीनंतर एका सकाळी चहाच्या टपरीवर डॉक्टरनं मोबाईलवर वरून काढलेला नकाशा उघडला आणि म्हणाली, "मॅडम, हे बघा, भूमच्या बाजूला काय मस्त रस्ता सापडलाय. तलावाच्या पाळीवरनं जातो आणि डोंगरात घुसतो. एक गाडी नसणार यावर." मी चष्मा लावून बघितलं. पिवळ्या माळावर पांढऱ्या दोऱ्यासारखी एक रेघ होती. पाळ जिथं वळते ते वळण मी ओळखलं. मी म्हटलं, "छान आहे." आणि चहा निम्मा ठेवून घरी आले.

गटाबरोबर मी सांडव्यापर्यंत गेले. गाड्यांवर सायकली बांधून गावापर्यंत, तिथून पुढं सायकलवर. आपलं घर पाडून तिथं कुणीतरी खताचं गोडाऊन बांधलं आहे. माळ तसाच आहे. पाळ तशीच आहे, बाभळी मात्र दाट झाल्या. सांडवा कोरडा होता. सगळे फोटो काढत होते. पलीकडं रस्ता डोंगराला लागलेला दिसत होता, पण ऊन वर आलं होतं, म्हणून परतायचं ठरलं. डॉक्टर म्हणाली, "पुढच्या वेळी वरपर्यंत जाऊ." मी मान हलवली.

मला पुढची वेळ त्यांच्याबरोबर नको होती. परवा रविवारी ह्यांनी मला गाडीतून गावापर्यंत सोडलं आणि भूमला काहीतरी काम काढून ते निघून गेले. दुपारी न्यायला येतो म्हणाले. मी पाळीवरून गेले, सांडवा ओलांडला, आणि पलीकडच्या चढाला लागले. हा चढ तू पेटी आणि मला घेऊन कशी चढत होतीस गं? माझ्या सायकलला एवढे गिअर असून मी दोनदा उतरले. वर वाडीत पहिल्याच घरापुढं एक बाई हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिची सून माझ्या हेल्मेटकडं बघून हसत होती. मी पाणी मागितलं.

"कुण्या गावच्या म्हणायच्या बाई तुमी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "आता धाराशिवची. पण लहानपणी इथंच, खालच्या गावात होते. माझी आई नर्स होती. इथं यायची, सायकलवर."

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग सायकलकडं, मग परत माझ्याकडं. "पांढऱ्या साडीच्या?" मी हो म्हटलं. ती सुनेला म्हणाली, "तू आत जा, लेकराचं बघ." सून आत गेली. ती परत घाटे सोलायला लागली. मला वाटलं, विसरली. मग ती म्हणाली, "म्या तुमची लई वाट बघितली बाई. म्हणलं, कवातरी कुणीतरी यील त्यांच्या घरचं."

आई, तिनं मला जे सांगितलं ते मी तुला कशाला सांगते आहे? तुला तर माहीतच आहे. तुला एकटीलाच माहीत होतं.

ते तिचं पहिलं बाळंतपण होतं. सकाळपासून कळा, बाळ आडवं. सासू म्हणाली, नर्सबाई आल्याशिवाय व्हायचं नाही. तिचा दीर पळत गावात आला तेव्हा सांडव्यावर घोट्याएवढं पाणी होतं. तू आरोग्य उपकेंद्रात होतीस. गाव बाजाराला गेलेलं, पाऊस, रस्त्यावर कुणी नाही. तू त्याला म्हणालीस, तू हो पुढं, बाळंतिणीला सांग मी निघालेच, पेटी भरते आणि मागोमाग येते. तो पळत परत गेला आणि सांडवा ओलांडून तुझी वाट बघत पलीकडच्या काठावर थांबला.

"डोंगरावर पाऊस लई झाला," ती म्हणाली. "बघता बघता पाणी कमरेला आलं. दीर सांगायचा, बाई त्या अंगाला आल्या, सायकल धरून हुब्या राहिल्या. ह्यो हिकडनं वरडतोय, त्या तिकडनं वरडतात. पाण्याच्या आवाजात काय ऐकू येतंय? त्यांनी पाण्यात पाय घालून बघितलं. न्हाय जमलं. मग त्यांनी हात असा वर केला..." आणि तिनं आपला वाळका हात उंच उचलून हवेत एक मोठं गोल काढलं. सावकाश, पार डोक्यावरून फिरवून. "म्हंजी, वळसा घालून येते. डांबरीनं, घाटातनं, डोंगराच्या मागल्या अंगानं. आन् सायकल फिरवली."

मी त्या हाताकडं बघत राहिले. तुला शेवटचं बघणाऱ्यानं जे बघितलं ते मी तिच्या हातात बघत होते.

"त्यानं येऊन सांगितलं, बाई येत्यात. सासू म्हणली, सोस पोरी, बाई येत्यात. म्या सोसलं. वाट बघितली. तुमी न्हाय आला." ती मला तू समजून बोलत होती, मध्येच थांबली, पदर तोंडाला लावला. "त्या न्हाय आल्या. दिवस मावळायच्या आत लेकरू गेलं. पोरगी हुती. आन् म्या बाई, म्या त्यांना शिव्या दिल्या. म्हणलं, येते म्हणून हात केला आन् घरी जाऊन बसली आसंल चुलीपुढं. म्हणलं, तिचं बी वाटोळं हुईल. तवा त्या तिकडं रस्त्यावर... म्या शिव्या देत हुते तवा त्या..."

बाकीचं तिनं तुटक तुटक सांगितलं. पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं, मग त्यांना कळलं. सासऱ्यानं सगळ्यांना गप्प बसवलं. सरकारी बाई होती, आपल्यामुळं गेली म्हणतील, पोलीस येतील. ती बरी झाल्यावर एकदा चालत खाली गावात आली होती. आपल्या घराला कुलूप होतं. लोक म्हणाले, गुरुजींची बदली झाली, पोरीला घेऊन गेले. दीर आता राहिला नाही. सासरा राहिला नाही. हे ओझं तिच्या एकटीजवळ उरलं होतं.

मला तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. तुझ्यासारखं. तू अशा वेळी बायकांच्या डोक्यावर हात ठेवून कायकाय बोलायचीस, ते मला एकही आठवेना. मी एवढंच म्हणू शकले, "आक्का, ती आली असती."

"आता ठावं हाय," ती म्हणाली. "आता ठावं असून काय करायचं?" मग सोललेले सगळे हरभरे तिनं माझ्या ओंजळीत ओतले. मी ते तिथंच बसून, तिच्यासमोर, एकेक करून खाल्ले.

परत येताना उतारावर मी ब्रेक धरून धरून आले, हात दुखायला लागले. सांडव्यावर थांबले. कोरडी फरशी, मधल्या भेगांतून वाळलेलं गवत. तू कुठं उभी असशील ते शोधत होते. इथून तू पाण्यात पाय घातलास. इथून तू मागं फिरलीस. घर समोर होतं, आई. पाळीवरून उतरलं की माळ आणि माळ संपला की घर. कुणीही बाई त्या पावसात घरी गेली असती आणि उद्या पाणी उतरल्यावर बघू म्हणाली असती. तू डांबरीला लागलीस. मला तुझा अभिमान वाटायला हवा ना? मला आधी राग आला. मी त्या रिकाम्या सांडव्यावर उभी राहून, पन्नाशीची बाई, मोठ्यानं म्हणाले, "घरी का नाही गेलीस?" पलीकडं एक टिटवी ओरडत उठली, तेवढंच.

अण्णांना हे कळायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी ते गेले, शेवटी शेवटी तुझं नाव घ्यायचे आणि विचारायचे, "बाजाराला कशाला गेली?" मी म्हणायचे, "येईल आता." हे मला तेव्हा माहीत असतं तर त्यांना सांगितलं असतं, ती बाजाराला गेली नव्हती अण्णा, कामावर होती. त्यांनी एकदा तरी घाटात बाहेर बघितलं असतं.

आणि माझं? मला वाटायला पाहिजे होतं की सुटले. माझा हट्ट, माझा फ्रॉक, त्याच्यापायी माझी आई गेली, हे मी अकराव्या वर्षापासून वागवत आले, आणि ते खोटं निघालं. हलकं वाटायला पाहिजे होतं. आई, नाही वाटलं. ते ओझं होतं, पण त्याच्यात तू माझ्यासाठी निघालेली होतीस. पावसात, घाटात, शेवटच्या वळणापर्यंत तू माझ्याच कामाला चाललेली होतीस. आता तेही राहिलं नाही. तुझ्या डोक्यात तेव्हा ती वाडीतली पोर असणार, तिचं आडवं बाळ असणार, डोंगराला वळसा घालायला किती वेळ लागेल ते असणार. मी असेन की नाही, ते मला कळणार नाही. असायलाच पाहिजे होते असंही नाही. तू तुझं काम करत होतीस. पण मी ह्यांच्याबरोबर गाडीतून घरी आले, सायकल जिन्याखाली लावली, आणि ह्यांनी कुलूप काढल्यावर दारातच खाली बसले, आणि अकरा वर्षांची होऊन रडले. तुला चादरीखाली ठेवलं होतं तेव्हाही एवढी रडले नव्हते.

काल गट टपरीवर भेटला. डॉक्टरनं मोबाईल काढला, तोच नकाशा. "मॅडम, तुमचे मिस्टर म्हणाले, तुम्ही रविवारी तिकडं होतात. सांडव्याच्या पुढं कसा आहे रस्ता? पुढच्या महिन्यात सगळे मिळून जाऊ म्हणतेय." मी म्हटलं, पुढं रस्ता नाही. वाहून गेलाय, काटे माजलेत, टायर फुटतील. तिला वाईट वाटलं. तिनं नकाशावर आखलेला फेरीचा मार्ग बोटानं सांडव्यापाशी तोडला आणि दुसरा तलाव शोधायला लागली.

रस्ता आहे. पक्का मुरूम आहे, चढ दमवतो, पण चाक कुठं घसरत नाही, आणि वाडीपर्यंत एकही गाडी मला आडवी आली नाही. एवढ्यात तरी तिथं मला दुसऱ्या कुणाच्या टायरांच्या खुणा बघायच्या नाहीत.